गॅस्केट, पॅकिंग, वायसर, सील : दुकानात नेमकं काय मागायचं?

उंबरठा

गेल्या रविवारचा प्रकार आधी सांगते, मग प्रश्न विचारते.

गावाकडे आमच्या विहिरीवर जुना बीडाचा (ओतीव लोखंडाचा) पंप आहे, पाच हॉर्सपॉवरची मोटर कपलिंगने जोडलेली. अण्णांचा शुक्रवारी फोन आला, "येताना पंपाचं पॅकिंग घेऊन ये, पाणी लई गळतंय." मी शनिवारी शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "गॅस्केट पाहिजे का ग्लँडची दोरी?" अण्णांना फोन लावला तर ते म्हणाले, "अगं, पॅकिंग म्हणजे पॅकिंग. कोणालाही विचार." दुकानदाराने काळपट कागदासारखं एक शीट दिलं, हवं तसं कापून घ्या म्हणाला. ते गुंडाळी करून सत्तर किलोमीटर नेलं. अण्णांनी उलगडून बघितलं आणि काही बोलले नाहीत. कांद्याला पाणी द्यायचं होतं, त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती आणि ती पाळी गेली.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. कुकरचं गॅस्केट मला माहीत आहे. गाडीचं 'हेड गॅस्केट गेलं' हेही ऐकलंय. मग पॅकिंग, वायसर, सील, ओ-रिंग हे सगळं एकच का? वेगळं असेल तर कुठे काय म्हणायचं? कोणी नीट समजावून सांगेल का?

पायवाट

आमच्याकडे कुकरच्या रिंगला 'रबर' म्हणतात. 'कुकरचं रबर गेलं.' मला तर कित्येक वर्षं वाटायचं की गॅसवर ठेवायच्या भांड्याचं म्हणून 'गॅसकिट'.

जुना फिटर

पायवाट, हा समज फार जणांचा असतो. गॅसशी त्या शब्दाचा काही संबंध नाही.

उंबरठा, मी एकतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, त्यातली बरीच पंपांवर. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण हा घोळ रोज होतो आणि माणसाचा दिवस वाया जातो. जरा सविस्तर लिहितो.

गॅस्केट म्हणजे दोन भागांच्या मध्ये दाबून बसवलेला मऊ थर. ते दोन्ही भाग एकमेकांना बोल्टने (कुकरमध्ये झाकणाच्या पकडीने) आवळलेले असतात आणि एकमेकांच्या संदर्भात हलत नाहीत. पंपाचं कव्हर आणि बॉडी, पाइपाचे दोन फ्लँज (टोकाच्या, बोल्टची भोकं असलेल्या चकत्या), इंजिनचा ब्लॉक आणि हेड (त्यावरचं झाकण), कुकरचं भांडं आणि झाकण, सगळीकडे हीच गोष्ट. सांधा आहे, पण तो स्थिर आहे.

मग लोखंडावर लोखंड घट्ट आवळलं तर पाणी का येतं? कारण कितीही गुळगुळीत दिसला तरी पृष्ठभाग बारीक डोंगरदऱ्यांचा असतो. लेथवर टर्निंग केलेल्या फ्लँजवरून नख फिरवून बघा, रेघा लागतात. दोन कठीण पृष्ठभाग समोरासमोर आले की फक्त शेंड्याला शेंडा टेकतो आणि दऱ्या मोकळ्या राहतात. पाण्याला तेवढी वाट पुरते, वाफेला त्याहून कमी पुरते. मध्ये मऊ वस्तू घालून आवळलं की ती त्या दऱ्यांत शिरते. म्हणून गॅस्केट दोन्ही भागांपेक्षा मऊ असावंच लागतं. बिघडायचं तर त्याने बिघडावं, कारण ते स्वस्त आहे आणि बदलता येतं.

आता महत्त्वाचं. गळती थांबवण्याचं श्रेय लोक गॅस्केटला देतात, पण खरं काम बोल्टचं असतं. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताठ स्प्रिंगसारखा दोन्ही भागांना सतत जवळ ओढत राहतो. आतला दाब त्यांना दूर ढकलत असतो. बोल्टची ओढ जिंकली तर सांधा कोरडा राहतो. ती कमी पडली तर कितीही महागडं गॅस्केट घाला, गळणारच.

तुमच्या पंपात मात्र दुसरी जागा आहे. शाफ्ट (पंपाचा दांडा) बाहेर मोटरकडे येतो तिथे तो फिरत असतो. फिरत्या वस्तूभोवती असं शीट आवळून बसवता येत नाही. तिथे चौकोनी वेणीची दोरी लागते, तिला ग्लँड पॅकिंग म्हणतात. पाणी कुठून गळतंय तेवढं सांगा : कव्हरच्या सांध्यातून की शाफ्टपाशी?

उंबरठा

अण्णांना आत्ता विचारलं. शाफ्टपाशी. "फिरतंय तिथनं चूळ भरल्यागत येतंय" असं म्हणाले.

जुना फिटर

मग दोरीच हवी होती. अण्णा चुकीचं काही बोलले नव्हते, आमच्याकडेही दोन्हींना पॅकिंगच म्हणतात. दुकानदाराने गळती कुठे आहे हे विचारायला हवं होतं.

माप असं काढा. ज्या गोल पोकळीत दोरी बसते तिचा आतला व्यास घ्या, त्यातून शाफ्टचा व्यास वजा करा आणि निम्मं करा. समजा पोकळी ४६ मिलिमीटर आणि शाफ्ट ३० मिलिमीटर, तर राहिले १६, निम्मे ८. म्हणजे दुकानात मागायचं, "आठ मिलिमीटर चौकोनी ग्रॅफाइटची दोरी, पाण्याच्या पंपासाठी." एवढं बोललात की पुढचा प्रश्न येणार नाही.

काम करायच्या आधी स्टार्टर बंद करून किटकॅट (फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. बोर्डावर ठेवायचे नाहीत, खिशात. मग ग्लँडचे, म्हणजे दोरीला दाबून धरणाऱ्या भागाचे, नट सोडून जुनी दोरी पूर्ण बाहेर काढा. वरच्या दोन रिंगा बदलून भागवतात, ते करू नका. खालची जळून कडक झालेली असते आणि ती शाफ्ट खाते. मध्ये एखादी भोकांची धातूची रिंग निघाली तर ती फेकू नका, ती पाणी फिरवण्यासाठी असते, जिथे होती तिथेच परत जायला हवी.

दोरी सबंध गुंडाळून आत कोंबायची नाही. शाफ्टवर एकेक वेढा मापून वेगळ्या रिंगा कापायच्या. पहिल्या रिंगेचा जोड वर आला तर दुसरीचा खाली, तिसरीचा बाजूला. सगळे जोड एका रेषेत आले तर पाण्याला सरळ रस्ता मिळतो.

शेवटची गोष्ट, इथेच बहुतेकांचं चुकतं. ग्लँड इतका आवळू नका की गळती पूर्ण बंद होईल. ती दोरी त्या गळणाऱ्या पाण्यानेच थंड राहते. सुरुवातीला जरा जास्त गळू द्या, मग अर्धा तास पंप चालू ठेवून दोन्ही नट सारखेच, थोडे थोडे आवळत या. मिनिटाला ४० ते ६० थेंब पडायला हवेत. घड्याळ लावून मोजा. कोरडा ठणठणीत ग्लँड बघून माणूस खूश होतो आणि आत शाफ्टवर खाचा पडत असतात. तशा खाचा आधीच पडल्या असतील तर नवी दोरीही आठवडाभरात जाईल. तेव्हा दोरी काढल्यावर शाफ्टवर बोट फिरवून बघायला सांगा.

रानफूल

मी कुकरचं विचारते. आमच्या घरी रिंग सैल झाली की आई ती फ्रीजरमध्ये दहा मिनिटं ठेवायची, मग शिट्टी व्हायची. हे बरोबर की चूक?

जुना फिटर

एखाद्या वेळची अडचण भागते, कारण थंडीने रबर किंचित आकसतं. पण त्याचा अर्थ असा की रिंग संपली आहे. रबराचं काम लवचिकपणाने चालतं : दाबलं तर दबलं पाहिजे, सोडलं तर परत फुगलं पाहिजे. जुन्या रिंगेतला तो जीव गेलेला असतो. त्या दिवशी वरण-भात करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी नवी आणा.

कुकरची रिंग नीट निरखून बघण्यासारखी असते. बाहेरच्या झाकणाच्या कुकरची रिंग हातात घेऊन तिची कड वाकवून बघा, आतल्या बाजूला ओठासारखी पाळ दिसेल. वाफ तयार झाली की ती त्या पाळीच्या आत शिरते आणि तिला भांड्यावर दाबते. वाफ जितकी जोर करते तितकी पाळ घट्ट बसते. आतल्या झाकणाच्या कुकरमध्ये झाकणच भांड्याच्या कडेखाली असतं, त्यामुळे वाफ अख्खं झाकण वर ढकलते आणि रिंग मध्ये दाबली जाते. दोन्हीकडे युक्ती तीच, गळू पाहणाऱ्याच्याच जोराने त्याला अडवायचं. पण सुरुवातीला वाफ पाळीत अडकण्यापुरती तरी रिंग टेकलेली लागते. ती सैल झाली की वाफ कडेने निसटते, दाब चढतच नाही, आणि तुम्ही अर्धा तास शिट्टीची वाट बघत बसता.

घरगुती कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोने जास्त असतो, म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. एवढा दाब अडवणारी वस्तू म्हणजे ती रिंग. कुकरसाठी आयएस २३४७ हे भारतीय मानक आहे. कुकर घेताना आयएसआयचं चिन्ह बघा आणि रिंग त्याच कंपनीची, त्याच मापाची घ्या. रस्त्यावरची 'सगळ्यांना बसते' म्हणणारी रिंग घेऊ नका.

पायवाट

आमच्या कुकरची रिंग एकदा झाकणाच्या फटीतून बाहेर आली आणि सगळी डाळ छताला. रिंग खराब म्हणून शिव्या घातल्या होत्या आम्ही.

जुना फिटर

तिने तुमचं रक्षण केलं. बाहेरच्या झाकणाच्या कुकरला कडेला एक खिडकी ठेवलेली असते. शिट्टीची नळी डाळीच्या फेसाने तुंबली आणि सेफ्टी व्हॉल्व्हही उडाला नाही, तर रिंग त्या खिडकीतून बाहेर ढकलली जाते आणि वाफ निघून जाते. झाकण उडण्यापेक्षा डाळ छताला लागलेली बरी. त्यानंतर रिंग बदलायची, शिट्टीची नळी तारेने साफ करायची आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवायचा. हे मी प्रत्येक घरात सांगतो.

निळाई

फ्रीजरवरून आठवलं. थंडीने ताठ झालेल्या रबरापायी सात माणसं गेली आहेत.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं. त्याच्या उजव्या बूस्टर रॉकेटचे नळकांडी भाग एकमेकांना जोडताना सांध्यात रबराच्या ओ-रिंगा बसवल्या होत्या. त्या रात्री फ्लोरिडात तापमान गोठणबिंदूखाली गेलं होतं. रॉकेट पेटलं की सांधा क्षणभर उघडतो आणि रिंगने तत्काळ फुगून ती फट भरायची असते. गारठलेली रिंग वेळेत फुगली नाही, तापलेला वायू तिथून बाहेर पडला. चौकशी आयोगाच्या सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगच्या रबराचा तुकडा छोट्या चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर तुकडा काही क्षण दबलेलाच राहिला. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच उड्डाण पुढे ढकला म्हणून सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. हे मी कधीही वाचलं तरी अस्वस्थ व्हायला होतं.

खिंड

हेड गॅस्केटबद्दल मी लिहितो, कारण त्याने आमच्या घरचं फार नुकसान केलंय.

वडिलांची प्रवासी जीप होती, डिझेल. एकदा घाटात इंजिन तापलं. गॅरेजमध्ये हेड खोललं, गॅस्केट बदललं म्हणून पैसे घेतले आणि आठ दिवसांत परत तेच. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या मिस्त्रीने उघडून दाखवलं तेव्हा कळलं : जुनंच गॅस्केट शेलॅक (लाखेचा चिकट लेप) लावून परत बसवलं होतं आणि हेडला आलेला बाक कोणी तपासलाच नव्हता. तोवर ब्लॉकला तडा गेला होता. ती जीप विकावी लागली.

म्हणून लक्षणं लिहून ठेवतो. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू केलं तर पाण्यात बुडबुडे येत राहतात. पाणी सारखं कमी होतं, पण खाली कुठे गळलेलं दिसत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. ऑइलची काडी काढली तर तेल दुधाच्या चहासारखं झालेलं असतं. गरम इंजिनचं झाकण मात्र उघडू नका, तोंडावर वाफ येते.

त्या दुसऱ्या मिस्त्रीने मला शिकवलं की हेड गॅस्केट एकाच पत्र्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवतं : सिलिंडरमधला जळता वायू, थंड करणारं पाणी आणि तेल. तिघांचा दाब वेगळा, तापमान वेगळं. आधी तांब्याच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असलेली यायची. आता पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक ठेवलेली येतात, भोकांभोवती उठावाच्या कडा असतात आणि त्या स्प्रिंगसारखं काम करतात. ती एकदा दाबली गेली की परत वापरायची नसतात. हेड सपाट आहे का हे सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच) लावून समोर उभं राहून तपासून घ्या. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पान्यानेच (ठरलेला जोर मोजून देणाऱ्या) आवळले पाहिजेत.

जुना फिटर

खिंड, वाचून वाईट वाटलं. जुनं गॅस्केट परत घालणं ही पैशांची बचत नाही, गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. एकदा दबलेला थर त्याच डोंगरदऱ्यांचा ठसा घेऊन बसलेला असतो. तोच ठसा परत त्याच जागी तंतोतंत बसत नाही.

कारखाना रोड

मी केमिकल प्लँटमध्ये होतो, फ्लँजच्या लाइनी हेच आमचं जग. गॅस्केटचं शीट फ्लँजवर ठेवून बॉल पीन हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने ठोकत जायचं, की फ्लँजच्या धारेवर शीट आपोआप कापलं जाई. बोल्टची भोकंही तशीच पाडायची. पाच मिनिटांत गॅस्केट तयार. नवीन पोरांना ही हातोटी जमली की उस्ताद पाठीवर थाप मारायचे. पुढे कळलं की तसं करू नये, फ्लँजची धार खराब होते. कात्री नाहीतर पंच वापरावा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ती शीटं अॅस्बेस्टॉसची होती. शटडाउनमध्ये (दुरुस्तीसाठी प्लँट बंद असताना) जुनं चिकटलेलं गॅस्केट आम्ही पत्र्याने खरवडायचो आणि धूळ तोंडाने फुंकून उडवायचो. नाकाला रुमालसुद्धा नाही. आम्हाला कोणी सांगितलं नाही. त्याचे धागे फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच अॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं ठेवा असा आदेश दिला होता. माझ्यासोबतच्या एकाही माणसाची अशी नोंद कुठे असलेली मी बघितली नाही.

जुन्या पंपाचं, बॉयलरचं, इंजिनचं काम करणाऱ्यांनी कृपा करून लक्षात ठेवा. जुनं गॅस्केट किंवा जुनी ग्लँडची दोरी कशाची आहे हे माहीत नसेल तर ती अॅस्बेस्टॉसची समजूनच वागा. आधी पाण्याने भिजवा, ओली असतानाच काढा, ग्राइंडर लावू नका, फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. ओलीच पिशवीत भरून तोंड बांधा. उंबरठा, तुमच्या अण्णांनाही हे सांगा, तुमचा पंप जुना आहे.

बाकी, आता अॅस्बेस्टॉस नसलेली शीटं सर्रास मिळतात. अॅसिडच्या लाइनला टेफ्लॉन चालतं, पण ते थंडपणीच दाबाखाली हळूहळू पसरतं, त्यामुळे बोल्ट ढिले होतात आणि महिन्याभराने गळती दिसते. जास्त दाबाच्या वाफेला स्पायरल वाउंड घालतात, पोलादी पट्टी आणि ग्रॅफाइट यांची जिलेबीसारखी गुंडाळी. स्टोअरमध्ये ओळखायचं तर कडेचा रंग बघा : पिवळा असेल तर ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील, हिरवा असेल तर ३१६ जातीचं. त्यावर करड्या रेघा असतील तर आत ग्रॅफाइट, पांढऱ्या असतील तर टेफ्लॉन.

पायवाट

जाड गॅस्केट घातलं तर जास्त चांगलं ना?

कारखाना रोड

नाही. फ्लँज ठीक असेल तर पातळच चांगलं. जाडाची जितकी कड आतल्या दाबाला उघडी राहते तितकं ते बाहेर फेकलं जायची भीती जास्त, आणि जाड थर नंतर बसतही जास्त जातो. एकावर एक दोन घालणं तर नकोच. जाड फक्त तिथे, जिथे पृष्ठभाग खडबडीत किंवा वाकडा आहे आणि दुसरा इलाज नाही.

आवळताना समोरासमोर जा. आठ बोल्ट असतील तर गोलाकार नंबर टाका आणि १, ५, ३, ७, २, ६, ४, ८ या क्रमाने आवळा. पहिल्या फेरीत पूर्ण जोराचा साधारण तिसरा हिस्सा, दुसरीत दोन तृतीयांश, तिसरीत पूर्ण, मग एक फेरी नुसती ओळीने. एका बाजूचा बोल्ट आधीच कचकचीत आवळला तर समोरची बाजू तोंड उघडते आणि मग ती कितीही आवळा, भरून येत नाही.

बाभूळबन

आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द, वायसर. 'हापशाचा (हातपंपाचा) वायसर गेला.' सोलापूर जिल्ह्यातलं गाव आमचं. हापसा बंद पडला की पंचायतीचा मिस्त्री पाइप उपसायचा, सगळं गाव ओढायला. सगळ्यात खालच्या सिलिंडरमधून दट्ट्या काढायचा आणि त्यावर वाटीसारखा चामड्याचा वायसर असायचा, कडा फाटलेला. नवा वायसर घालायच्या आधी तो पाण्यात भिजत घालायचा, वाळलेलं चामडं तसंच घातलं तर कडा सिलिंडरला टेकत नाहीत. आम्ही पोरं त्या बादलीभोवती बसायचो. त्या ओल्या चामड्याचा वास अजून नाकात आहे.

इंडिया मार्क टू हा हापसा ज्या सोलापूर पंपावरून पुढे घडवला गेला तो आमच्याच भागातला. त्याआधी जालन्यातही तसाच पंप बनला होता. दुष्काळाच्या काळात बोअर मारले जात होते आणि त्यांवरचे बीडाचे हातपंप दोन-चार महिन्यांत मोडत होते. मग युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकात पोलादी मार्क टू आला आणि देशभर गेला. पुढे चामड्याऐवजी नायट्राइल रबराचे वायसर आले, ते कितीतरी जास्त टिकतात.

जुना फिटर

बाभूळबन, त्या वाटीसारख्या वायसरची कडा वर का असायची? दट्ट्या वर येताना डोक्यावरचं पाणी वाटीत भरतं आणि कडा सिलिंडरवर दाबतं. कुकरच्या पाळीसारखंच. फक्त इथे वायसर हलतो, म्हणून हे गॅस्केट नव्हे, हलणारं सील.

वायसर शब्दाची अजून एक भानगड आहे. बोल्टखाली घालतो तो वायसर गळती थांबवायला नसतो, जोर पसरवायला असतो. नळातला रबरी वायसर मात्र पाणीच अडवतो. मोटरसायकलच्या फोर्कला, गिअरबॉक्सला असतं ते ऑइल सील : रबराचा पातळ ओठ, मागे बारीक स्प्रिंग, फिरत्या किंवा सरकत्या दांड्याला अलगद टेकलेला. ओ-रिंग खाचेत बसते, हलत्या-न हलत्या दोन्ही ठिकाणी चालते.

निळाई

मग मराठीत याला खरा शब्द काय म्हणायचा? पाठ्यपुस्तकी शब्द कोणी बोलत नाही.

शब्दांच्या मागे

मला 'पॅकिंग' आणि 'वायसर' मराठीच वाटतात, रुळून गेलेत. पण ही कल्पना आपल्याकडे यंत्रांच्या आधीपासून आहे. हंडीचं झाकण कणकेने लिंपून बंद करतात ते काय आहे? मऊ कणीक फटीत शिरते, उष्णतेने कडक होते, वाफ आत राहते. कोकणात लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकून वर राळ लावतात. दोन कठीण वस्तूंच्या मध्ये मऊ वस्तू, तीच गोष्ट.

आणि 'गॅस्केट' शब्दाची गंमत ऐका, उंबरठाच्या अण्णांसाठी मुद्दाम सांगतो. इंग्रजीत हा शब्द आधी शिडाच्या जहाजांवर होता. शीड गुंडाळून आडव्या डोलकाठीला ज्या दोरीने बांधायचे ती दोरी म्हणजे गॅस्केट. नंतर वाफेची इंजिनं आणि पंप आले, तेव्हा दट्ट्याभोवती वाखाची वेणी घट्ट भरायचे, त्या वेणीलाही तेच नाव मिळालं. चपटं कापलेलं शीट या अर्थाने तो शब्द पक्का झाला तो त्याच्याही नंतर. म्हणजे हा शब्द मुळात दोरीचाच आहे. दोरी आणि शीट दोन्हींना एकाच नावाने हाक मारणारे अण्णा त्या जुन्या कारागिरांच्या सोबतच आहेत.

उंबरठा

हे शेवटचं मी अण्णांना फोनवर जसंच्या तसं वाचून दाखवलं. थोडा वेळ शांत होते. मग म्हणाले, "मग मी काय सांगत होतो?"

काल गावी जाऊन आले. या वेळी आधी माप घेतलं. शाफ्ट २८, पोकळी ४४, म्हणजे ८ मिलिमीटरच. किटकॅट अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात. जुनी दोरी पाण्याने भिजवून काढली, शेवटच्या दोन रिंगा कोळशासारख्या झाल्या होत्या, त्या आकड्याने ओढून काढायला पाऊण तास गेला. भोकांची रिंग निघाली नाही. शाफ्टवर बोट फिरवलं, एक बारीक खाच लागते आहे. अण्णा म्हणाले हा हंगाम निघेल, उन्हाळ्यात स्लीव्ह (शाफ्टवरची नळी) बदलू. पाच रिंगा कापल्या. कापायचं काम मी केलं, जोड वर-खाली ठेवत बसवायचं त्यांनी.

पंप सुरू केला तेव्हा पाणी बरंच येत होतं. अण्णांचा हात लगेच पान्याकडे गेला. मी अर्धा तास थांबायला लावलं. मग ते अर्धा-अर्धा पेर नट फिरवत गेले आणि मी मोबाइलवर सेकंद लावून थेंब मोजत होते. पहिल्यांदा मोजताच येत नव्हते, मग नव्वदच्या पुढे, मग सत्तर. बावन्नवर आम्ही थांबलो.

जाताना त्यांनी दोरीचा उरलेला तुकडा स्टार्टरच्या पेटीत खिळ्याला टांगला आणि शेजारी खडूने लिहिलं : ८ मिमी, पॅकिंग.